खुनी कोण, ते आधी सांगा

ग्लासगोच्या हॉटेलात, तळघरातल्या नाचाच्या हॉलमध्ये
बावीस टेबलं, बावीस एजंट
आणि हातात घंटा घेऊन उभी एक बाई.
प्रत्येकाला दहा मिनिटं.
माझं टेबल सात, खांबाच्या आड.

मी पीटरहेडची. एकतीस वर्षं मासळीबाजारात
वजनकाट्यामागे बसले.
हॅडकची खोकी, कॉडची खोकी, पहाटेचा लिलाव,
बोटींची नावं नातेवाइकांसारखी पाठ,
कुठल्या बोटीशी बोलायचं नाही, तेसुद्धा.
तिथे एक विद्या आली अंगी:
समोरच्याची वही उलटी वाचायची.

माझ्या कादंबरीतली बाईही तेच करते.
बर्फाच्या कारखान्यात प्रेत सापडतं,
लिलाव पुकारणाऱ्या टॅम राएटचं,
आणि पोलिसांच्या आधी तिला दिसतं
की त्या रात्रीच्या नोंदीत एक खोकं जास्त आहे.
ब्याऐंशी किलो. हॅडक.

इमोजेन प्रिंगल, लंडनहून आलेली.
चष्मा केसांत खोचलेला, चहावर साय.
आरशासमोर घोकलेलं मी म्हणून टाकलं,
मधलं एक वाक्य गाळून.
छान, ती म्हणाली. खुनी कोण?

ते शेवटच्या पानावर आहे, मी म्हटलं.
ती हसली.
मला विकायचंय हो, वाचायचं नाही.

अकरा वर्षं.
बहिणीनं, नेटानं, सगळी टाइप करून दिली,
शेवटचं प्रकरण सोडून. ते मी केलं,
दोन बोटांनी, स्वयंपाकघराचं दार लावून.
नवरा गेला तो अंदाज बांधतच.
दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, म्हणाला,
पाद्रीच ना? सांग की,
मी आता कुणाला सांगणार आहे?
नाही सांगितलं.
मान हलवली नुसती, कशीही घेता येईल अशी.
आणि या बाईला, जिचं आडनाव मी
आज सकाळी गाडीत पाठ केलं

शेजारच्या टेबलावर एक तरुण
ड्रॅगनांच्या वंशावळीत अडकला होता,
तिसऱ्या पणजोबांपाशी.
चार मिनिटं उरली.
पोटातलं ओठांवर आलं.
डगल मिल्न, मी म्हटलं. बर्फवाला.

आणि नाव टेबलावर पडलं मात्र,
मला कळलं, यानं केलेलं नाही.
कागदावर तो अकरा वर्षं मुकाट होता,
मी चिकटवले ते पुरावे अंगावर वागवत.
हवेत आला तसा माणूस झाला:
थंडीनं फुटलेले हात, खिशात भाचीसाठी पेपरमिंट,
अनोळखी प्रेतयात्रेलाही टोपी काढणारा.
त्या पाठीनं ब्याऐंशी किलो?
पाठीचं दुखणं मीच लिहिलं होतं. प्रकरण दोन.

हं, म्हणाली इमोजेन प्रिंगल
आणि वहीत काहीतरी खरडलं.
मी उलटं वाचलं.
खुनी पटत नाही. बाई पटते.
मग तोंडानं म्हणाली, फारच सुंदर,
सगळं हस्तलिखित पाठवाल? सोमवारपर्यंत?
घंटा झाली. माझ्या खुर्चीमागे
पुढचा माणूस आधीच खोकत उभा.

ॲबर्डीनपर्यंत गाडी, पुढे बस.
मॉन्ट्रोजपाशी ओहोटी होती, नुसता चिखल आणि पक्षी.
शेवटचं प्रकरण मांडीवर घेऊन बसले,
पेन्सिलीला टोक नाही.
ब्याऐंशी किलो, हॅडक.
खोकं आपणहून काट्यावर चढत नाही.
आकडा आपणहून वहीत उतरत नाही.
अक्षर कुणाचं होतं?
त्या रात्री काट्यामागे कोण बसलं होतं,
हे अकरा वर्षांत मी तिला
एकदाही विचारलं नव्हतं.

स्टोनहेवनला नेटाचा फोन.
त्या लंडनवालीला सांगितलंस म्हणे? मग मलाही सांग.
बोगद्यात शिरतोय, मी म्हटलं.
त्या वाटेवर बोगदा नाही,
हे तिलाही माहीत आहे.